आधी तारीख, मग वेळ, मग वारा

आमची होडी आज दर्यावर जायची की धक्क्यालाच बांधून ठेवायची, याची पहिली खबर घरात मी देते. मी आंधळी आहे. ही दोन वाक्यं एकामागोमाग ऐकली की माणसं काहीतरी गोड बोलायला जातात. त्यांनी तेवढी तसदी घेऊ नये. होडी मी चालवत नाही, माझा थोरला भाऊ चालवतो. मी फक्त हवामान वाचते, आणि त्या कामात माझा हात धरणारं आमच्या मिरकरवाडा बंदरात कोणी नाही.

वाचते म्हणजे कानांनी वाचते. विशीत माझ्या डोळ्यांनी हळूहळू काम सोडलं, तेव्हा आईने हेदवीच्या गणपतीपर्यंत सगळीकडे नवस बोलून पाहिले आणि दादाने मला मुंबईत आंधळ्यांच्या एका संस्थेत कॉम्प्युटर शिकायला धाडलं. देव आणि दादा या दोघांत कोणाचा गुण आला ते मी आईला कधी बोलून दाखवलं नाही. तिथून मी स्क्रीनरीडर शिकून आले. कॉम्प्युटरच्या पडद्यावर जे असेल ते हा मोठ्याने वाचून दाखवतो. आमच्या घरात त्याचं नाव पोपट. मी त्याचा वेग इतका वाढवून ठेवलाय की बाकीच्यांना पत्र्यावर खडे ओतल्यासारखं ऐकू येतं. "मेला काय बडबडतो, देव जाणे," असं वहिनी रोज म्हणते आणि रोज दाराशी उभी राहून ऐकते.

आमची होडी दुपारी चारच्या सुमाराला सुटते, संध्याकाळी जाळी टाकते आणि सकाळी परत येते. म्हणून जेवणं आटोपली की दादा माझ्या खोलीत येतो, स्टूल ओढतो, सुपारी कातरतो. मी हवामानाचं पान उघडते. ते पान इंग्रजीत असतं, त्यामुळे पोपट सांगतो ते मी दादाला मराठीत सांगते: वारा कुठून, किती, लाट किती, आपल्या किनाऱ्याला काही इशारा आहे का. दादा हूं हूं करतो. जा किंवा जाऊ नको हे मी कधी म्हणत नाही, ते ठरवायला होडीचा प्रमुख, तांडेल, तो आहे. पण धक्क्यावर शेजारच्या होड्यांवरची माणसं त्याला विचारतात, "बहीण काय म्हणते आज?" हा प्रश्न माझी कमाई आहे. दुसरी इस्टेट मला नाही आणि नकोही.

गेल्या वर्षी मे संपत आला होता. पावसाळ्याची मासेमारी बंदी लागायची वेळ झाली होती. एका दुपारी मी नेहमीसारखं पान उघडलं तर पोपट म्हणाला, हा ब्राउझर आता चालणार नाही, दुसरा वापरा. मी पुन्हा उघडलं. पुन्हा तेच. दादा सुपारी कातरायचा थांबला.

ब्राउझर म्हणजे ज्यातून इंटरनेटवरची पानं उघडतात ते. डोळस माणसाला तो बदलला काय, न बदलला काय. पान उघडलं की त्याला सगळं एकदम समोर दिसतं. मला पान दिसत नाही, मी पानातून चालते. एक बटण दाबलं की पोपट पुढच्या मथळ्यावर नेतो, दुसरं दाबलं की तक्त्यावर, तिसरं दाबलं की लिंकवर. जुन्या ब्राउझरमधली ही वाट माझ्या बोटांना पाठ होती. पोपटाचं वाक्य पुरं ऐकायचीही मला गरज नसायची, पहिली दोन अक्षरं कानावर पडली की बोट पुढे. डोळस माणूस पेपर चाळतो, तशी मी कानाने चाळते. आपल्या स्वयंपाकघरात दिवे गेले तरी मिठाचा डबा हाताला लागतो, तसं होतं ते. नवा ब्राउझर म्हणजे दुसऱ्या बाईचं स्वयंपाकघर. मीठ तिथेही असतंच, पण ती कुठे ठेवते ते तिला ठाऊक.

घरात लगेच सभा भरली. वहिनी म्हणाली, "जाऊ दे ना गो. इतकी वर्षं केलंस. आता बस आरामात."

आंधळ्या माणसाला उभ्या आयुष्यात सर्वांत जास्त काय ऐकावं लागत असेल तर बसा. लग्नात बसा, बँकेत बसा, देवळात तुम्ही इथेच बसा, आम्ही तुमच्यासाठी प्रसाद आणतो. बसून बसून माझं काय व्हायचं ते झालं असतं. मी वहिनीला म्हटलं, मला आराम नको, मला ते पान हवंय.

मग वहिनीचा भाऊ बोलला. तो आमच्याच होडीवर असतो, आता होडीत त्याची थोडी भागीदारीही आहे. माणूस वाईट नाही. त्याच्या फोनमध्ये एक ॲप आहे, त्यात समुद्राचा नकाशा येतो. हिरवा असला तर जा, लाल असला तर नको. तो म्हणाला, "ताई, तुमी कशाला एवढा त्रास घेता? मी बघीन ना फोनवर. हिरवं दिसलं की झालं."

"हिरवं म्हणजे वारा किती?" मी विचारलं.

"हिरवं म्हंजे हिरवं."

"आणि कधीपर्यंत हिरवं?"

"आता फोन दाखवतोय तर हायच ना हिरवं, ताई."

तो हे इतक्या मायेने बोलला की मला भांडताही येईना. शिव्या देणाऱ्याशी मी भांडू शकते. माया करणाऱ्यापुढे आपण उगाच आकांडतांडव केल्यासारखे दिसतो. मी दादाकडे तोंड वळवलं. दादाने अडकित्ता मिटला. मग म्हणाला, "आता बंदीच हाय. नारळ घालीपर्यंत बघ, बाय. नाय जमलं तर मग फोन हाय."

आमच्या घरात नारळीपौर्णिमेला दर्याला नारळ घातल्याशिवाय होडी सुटत नाही, सरकारी बंदी आधी उठली तरी नाही. म्हणजे दादाने मला मुदत घातली होती. माझ्या भावाने, ज्याला मी इतकी वर्षं वारा वाचून दाखवला. त्या रात्री मी रागाने उपाशी निजले असं सांगितलं तर शोभून दिसेल, पण बांगड्याचं तिखलं होतं आणि मी दोनदा वाढून घेतलं. राग मात्र उतरला नाही. पोटभर जेवून केलेला राग जास्त टिकतो.

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस घरी आला. आल्या आल्या त्याने वहिनीला विचारलं, "यांना काय करून पाहिजे?"

मी त्याच्यापासून हातभर अंतरावर बसले होते. म्हटलं, "यांना तोंड आहे, यांना विचारा."

तो चपापला, पण काम करायला लागला. नवा ब्राउझर घातला, जुना काढून टाकला. पोपट त्याच्या कामात सारखा बोलत होता, पोपटाचा धर्मच तो. जाताना तो माणूस वहिनीलाच म्हणाला, "एकदम फास्ट करून दिलाय. आणि तो आवाज फार कटकट करत होता, तो बंद केलाय." तो गेल्यावर मी बटणं दाबत बसले. काहीच नाही. कॉम्प्युटर मुका. डोळस माणसाचा पडदा काळा करून, वर फास्ट करून दिलाय म्हणण्यातलं हे. मी त्याला फोन लावला तर तो म्हणतो, "ताई, स्क्रीनवर काय दिसतंय तेवढं सांगा."

"मला?"

मग त्याच्या ध्यानात आलं. तो खजील होऊन परत आला, पोपट जागा केला, आणि या खेपेला माझ्याशी बोलला. वहिनीने त्याला चहा दिला. मी साखर जास्त घाल म्हणून सांगितलं, कारण येताना बिचारा भिजून आला होता.

मग बंदीचे महिने. होडी किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांखाली ठेवलेली. दादा आणि त्याचा मेव्हणा, म्हणजे वहिनीचा तो भाऊ, पडवीत जाळी शिवायला बसायचे आणि मी आत कॉम्प्युटरला. त्यांची सुतळी, माझी बटणं. नव्या ब्राउझरने मला काय काय भोगायला लावलं ते सांगत बसले तर तुम्ही कंटाळाल, पण थोडं सांगतेच, कारण लोकांना वाटतं एक काढलं, दुसरं घातलं, झालं. हवामानाच्या पानावर आधी मथळा असायचा, मग तक्ता. आता मथळ्याआधी पोपट म्हणायचा, बटण. बटण. बटण. कसलं बटण? ज्याने केलं त्याने त्याला नाव दिलेलं नाही. डोळसांना त्यावर चित्र दिसतं, मला नुसतं बटण. मी एकेक दाबून पाहिलं. एकाने पानाची अक्षरं मोठी झाली, हे मला वहिनीने सांगितलं. एकाने नकाशा उघडला, त्यात पोपट अडकून पडला आणि बाहेरच येईना. तक्त्यात तर आणखी मजा. जुना ब्राउझर प्रत्येक आकड्यासोबत तो कशाचा आहे ते सांगायचा. नवा नुसते आकडे सांगत सुटायचा. वारा की लाट, आज की उद्या, तुमचं तुम्ही बघा. त्यासाठी पोपटाच्या आत एक सेटिंग बदलावं लागतं, ते मला माझ्या संस्थेतल्या जुन्या मैत्रिणीने फोनवर सांगितलं. तीही आंधळी. आम्ही दोघी फोनवर एकमेकींचे पोपट ऐकत बसलो.

कधी कधी मी हात वर करून खुर्चीला टेकायचे. मला रडू यायचं, खोटं कशाला बोलू. मेव्हणा बाहेरून सुतळी ओढता ओढता म्हणायचा, "ताई, राहू दे, फोन हाय आपल्याकडं." ते ऐकलं की माझे हात आपोआप पुन्हा बटणांवर यायचे. त्याच्या त्या मायेचे माझ्यावर फार उपकार आहेत. तो गप्प बसला असता तर मी कदाचित सोडूनही दिलं असतं.

नारळीपौर्णिमेच्या आधीच मला वाट सापडली. नवी बटणं, नवे मथळे, नवा तक्ता, सगळं बोटांत उतरलं. नारळ घालून झाल्यावर दुसऱ्या दुपारी दादा जेवून माझ्या खोलीत आला आणि त्याने स्टूल ओढलं. मी वाचलं. तो हूं हूं म्हणाला. स्टूल फरशीवर घासल्याचा तो आवाज मला इतका गोड कधी लागला नव्हता. मेव्हणा दारात उभा राहून फोन बघत होता, आणि दोन्हींचं उत्तर एकच निघालं तेव्हा तो म्हणाला, "बघा, फोन पण तेच सांगतो." दोघांचं जुळतं तेव्हा कोणीही शहाणा ठरतो.

असे काही दिवस बरे गेले. मग ती दुपार आली.

सकाळी वीज गेली होती. आमच्याकडे त्या दिवसांत ती येते-जाते, त्याचं कोणी मनावर घेत नाही. दुपारी आली. इंटरनेट यायला मात्र उशीर लागतो. मी कॉम्प्युटर चालू केला, ब्राउझर उघडला, पोपट काहीतरी बोलायला लागला आणि माझ्या बोटाने नेहमीसारखं एंटर दाबलं. जुन्या ब्राउझरमध्ये उघडल्याबरोबर एंटर दाबलं की हवामानाचं पान यायचं. माझ्या बोटांत अजून तो जुनाच बसला होता. पान आलं. मी वाचलं: वारा मध्यम, लाट फार नाही, आपल्या किनाऱ्याला इशारा नाही. मेव्हण्याच्या फोनवरही हिरवं. दादा उठला, टोपी घातली आणि दोघे धक्क्यावर गेले.

मी लसूण सोलायला बसले. सोलता सोलता पोपटाचं वाक्य डोक्यात घोळत होतं, कारण कानाने वाचणाऱ्याला वाचलेलं सहज विसरता येत नाही, ते गाण्यासारखं राहतं. आणि मला जाणवलं की हे गाणं मी ऐकलंय. वाऱ्याचा आकडा तोच, लाटेचा तोच, मध्ये तो एक शब्द पोपट चुकीचा उच्चारतो तो त्याच जागी. हवामान दोन दिवस सारखं असू शकतं. पण इतकं सारखं नसतं.

मी लसूण टाकून कॉम्प्युटरपाशी गेले. पानाच्या वर जाऊन तारीख ऐकली. कालची. मग सगळं उलगडलं. वीज गेल्यामुळे ब्राउझर मध्येच बंद पडला होता. पुन्हा उघडल्यावर त्याने मला विचारलं होतं, कालची पानं परत आणू का? ते वाक्य पुरं व्हायच्या आत मी एंटर दाबून हो म्हणून मोकळी झाले होते. इंटरनेट नव्हतं, म्हणून त्याने साठवून ठेवलेलं कालचं पान माझ्यापुढे आणून ठेवलं. डोळस माणसाकडून ही चूक झाली नसती, त्याची दुसरी कुठलीतरी झाली असती. ही आमची खास चूक. अर्धं वाक्य ऐकून पुढे सरकणाऱ्यांची.

तोवर इंटरनेट आलं होतं. मी पान ताजं करून घेतलं. या वेळी तारीख ऐकली, वेळ ऐकली, मग खाली गेले. आजच्या पानावर आपल्या किनाऱ्याला सोसाट्याच्या वाऱ्याचा इशारा होता, आणि मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये असं स्पष्ट लिहिलं होतं.

मी दादाला फोन लावला. उचलला नाही. होडीचं मशीन चालू असलं की त्याला फोन कुठला ऐकू येतो. मेव्हण्याला लावला, तोही नाही. चार वाजत आले होते.

इथे मी एक क्षण थांबले, तेही सांगते. मला समोर स्पष्ट दिसत होतं, हो, मलाही दिसतं, की मी धक्क्यावर जाऊन हे सांगितलं की स्टूल गेलं. नव्या ब्राउझरमध्ये हिची गल्लत होते, हे सगळ्यांसमोर मीच सिद्ध करणार. उद्यापासून फोन. मी गप्प राहिले असते तर कोणाला कळलंही नसतं, फोनवर हिरवंच होतं. पण होडीवर माझा भाऊ होता, आणि तो माझं वाचलेलं ऐकून निघाला होता.

मी वहिनीला काय झालं ते सांगितलं. ती पदर खोचून बाहेर गेली आणि रिक्षा थांबवली.

धक्क्यावर मी काठी घेऊन उतरले. ओले दोर, बर्फाची गोणपाटं, डिझेलचा वास, आणि सगळीकडे माणसं. लोक बाजूला झाले. आमच्या होडीचं मशीन मी आवाजावरून ओळखते, ते सुरू होतं. मी ओरडले.

"काय गो, हितं कशी?" दादाचा आवाज वरून आला.

"सोडू नको. मघाशी वाचलं ते कालचं होतं."

"कालचं म्हंजे?" हा मेव्हणा.

मी सांगितलं. ब्राउझर, वीज, कालचं पान, सगळं. माझ्या तोंडाने, मोठ्याने, कारण मशीनच्या आवाजात हळू बोललेलं ऐकू जात नाही. आजूबाजूच्या होड्यांवरची बोलणी थांबली, तेव्हा मला कळलं की सगळे ऐकताहेत. शेजारच्या होडीवरून कोणीतरी हसत म्हणालं, "आंधळं दळतंय..." आणि बाकीची म्हण गिळली.

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "पुरी म्हण बोल की रे. कुत्रं कोण, ते पण ऐकू दे सगळ्यांना."

आता हसणं दुसऱ्या बाजूला गेलं. पण मेव्हणा हसला नाही. तो रास्तच बोलला: "ताई, मघाशी पण तुमी असंच ठाम सांगितलं होतंत. आता सांगताय ते आजचं, हे कशावरून?"

"तारीख ऐकून आले, वेळ ऐकून आले. मघाशी ऐकली नव्हती. मी चुकले, ते मी बोलले. दादा, वाऱ्याचा इशारा आपल्या किनाऱ्याला आहे. जाऊ नये असं लिहिलंय. आता तुला जायचं तर तू जा, तांडेल तू आहेस. पण कालचं ऐकून जाऊ नको."

मेव्हणा म्हणाला, "ऑगस्टात इशारे रोजचेच, भावजी. फोन हिरवा हाय. बर्फ भरलाय."

मशीन धडधडत होतं. मी काठी फरशीवर रोवून उभी राहिले. मग दादा खलाशाला म्हणाला, "बंद कर मशीन. बर्फ उतरवा."

आता तुम्हाला वाटेल की संध्याकाळी वादळ आलं, बाकीच्या होड्या हेलपाटल्या आणि सगळे माझ्या पाया पडले. वारा आलाच नाही. संध्याकाळी मी अंगणात उभी राहून वाट बघितली. माडाची झावळीसुद्धा हलली नाही. ज्या होड्या गेल्या होत्या त्या सकाळी पापलेट घेऊन आल्या. वाऱ्याने मला चांगलंच तोंडघशी पाडलं. वहिनीने सकाळभर भांडी अशी घासली की शेजाऱ्यांना आमचा मूड कळावा. जी होडी हसली होती, तिच्या घरची बाई ताटलीत दोन पापलेटं घेऊन आली आणि म्हणाली, "तुमची गेली नाय ना काल, म्हणून म्हटलं." मी ताटली हातात घेतली, आभार मानले, आणि दुपारी ती पापलेटं तळून चवीने खाल्ली. मासळीवर माझा राग नव्हता.

मला लाज वाटली का? वाक्य पुरं न ऐकता एंटर दाबल्याची वाटली. धक्क्यावर गेल्याची नाही. वारा आला नाही ही वाऱ्याची मर्जी. इशारा होता, तो मी वाचला. जे लिहिलंय ते वाचणं माझं काम, आणि ते काम कोणी मला दान दिलेलं नाही की कोणी काढून घ्यावं. घेतलं तरी मी वाचणारच होते, रिकाम्या खोलीत, मोठ्याने. कोणाला ऐकायचं नसेल त्याने कान बंद करावेत.

म्हणून जेवणं झाल्यावर मी हात धुऊन माझ्या खोलीत जाऊन बसले. कोणी बोलावलं नव्हतं. स्टूल भिंतीशी होतं. ब्राउझर उघडला. पोपट पुन्हा कालच्या पानांचं विचारायला लागला, मी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि त्याचं वाक्य पार शेवटपर्यंत ऐकलं. मग नाही म्हटलं. नवं पान उघडलं.

दारात पावलं वाजली. दादाची, आणि त्याच्या मागे मेव्हण्याची. मेव्हणा म्हणाला, "भावजी, फोनवर हिरवं हाय."

"असंल," दादा म्हणाला.

"काल पण होतं. बरोबर निघालं."

"निघालं. नसतं निघालं तर फोन काय रिक्षा करून धक्क्यावर आला असता, चुकलो म्हणून सांगायला?"

स्टूल फरशीवरून घासत आलं. अडकित्ता उघडला.

"वाच, बाय," दादा म्हणाला.

मी बटणांवर बोटं ठेवली. आधी तारीख वाचली. मग वेळ वाचली. मग वारा.